अर्धा आटा

हेड घासून आणलं रत्नागिरीहून,
केसभर उतरलं,
आणि बाराही पुशरॉड लांब ठरले
बसल्या जागी.

साखरी नाट्याच्या जेटीला लाँच कलती.
खाली डिझेल, घाम, सुक्या बांगड्याचा वास.
मापाचा रॉड शर्फूचाचांनी स्वतः केलेला:
जुना मधोमध कापून, आटे पाडून,
वाढेल, आखडेल असा.

"डोळ्याचं काम नाय. चिमटीत धर, फिरव."

वाढवत जाते.
सैल. सैल. मग जरासा अडतो,
ओल्या सुंभावर अंगठा अडावा तसा.
"इथं खेळ संपला."
मी हात काढते.

"काढलास? नुसतं टेकलं म्हणजे झालं काय?
अर्धा आटा अजून.
टॅपेटातली स्प्रिंग थोडी दबली पायजे,
नायतर भर समुद्रात टकटक ऐकत बसशील."

अर्धा आटा.
कॅलिपर लावून आकडा फळीवर खडूने लिहिते.

तो कापलेला रॉड आमच्याच लाँचचा,
भंगारात गेली ती.
चाचा बोलत नाहीत. फडक्याने पुसतात,
परत माझ्या हातात देतात:

"एकाचं माप धरून अकरा कापू नको.
दुसरा घे."