दहावं घरटं

नैवाशाच्या तळ्याकाठी, प्लास्टिकच्या आभाळाखाली
गुलाबांना गारवा लागतो, आम्हाला स्वेटर लागत नाही,
असं कंपनीचं मत.

वीस देठांची एक जुडी.
दर दहावी जुडी नापास.
नापासचे पैसे नाहीत,
पण ट्रकमध्ये ती चढायची
पास झालेल्यांच्या मांडीला मांडी लावून.
हे आम्ही सगळ्याच बघायचो.
एकेकटीनं.

मग क्वाम्बोकानं गोष्ट काढली.
"पाउक्वा!" म्हणाली, हात न थांबवता.
म्हणजे, ऐकता का गं?
"पाकावा," दोघी-तिघी पुटपुटल्या
लहानपणच्या सवयीनं.

तरसानं सुगरणींना कामाला लावलं.
घरटी विणायची दहा, दाणे नऊंचे.
"दहावं वाकडं," तरस म्हणे,
आणि रात्री त्यातच निजे.
"तरस मावतो का घरट्यात?" जेरोप.
"रोज एक मिळालं तर न मावायला काय झालं?"

सुपरवायझर मुथोकाही हसला.
पुढं काय झालं, त्यानंच विचारलं.
"उद्या."

अकराव्या दिवशी तिला शीतगृहात पाठवलं.
एकटीला.

सकाळभर नुसत्या कात्र्या.
मी तोंड उघडलं तर आवाज आला बेडकीचा:
"पाउक्वा."
बराच वेळ काही नाही.
मग पलीकडच्या टोकाहून नफुला,
जी उसन्या साखरेवरून वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती:
"पाकावा."

एवढंच. पुढची गोष्ट मला येतच नव्हती.
तीच म्हणाली,
"तर सुगरणी मोजायला बसल्या."

आठवड्यानं मॅनेजरनं चौघींना बोलावलं.
"हा तरस म्हणजे कोण?"
"तरस, साहेब."
"कोणी रचली ही गोष्ट?"
"जुनीच आहे, साहेब."
एप्रनच्या आत, पोटाशी, वही घामेजली होती.
दोनशे सात जणींच्या जुड्या, तारीखवार.
ती काढायची वेळ अजून नव्हती.

पाचव्या शेडमध्ये म्हणे सुगरणींच्या मधमाश्या झाल्यात.
पंपाकडच्या शेडमध्ये तरसाला टाय आहे.
क्वाम्बोका अजून शीतगृहातच.
दारावरून जाताना बोटांनी सांगतो
कुठवर आलो ते.
काल तिनं मान हलवली: नाही, तसं नाही.
मग आम्ही तेवढं बदललं.

रात्री मुलगी विचारते, संपली का?
सुफळ नाही, बाई. संपूर्ण तर नाहीच.
झोप आता.
अजून मोजतायत.