धडा शून्य

पहिलाच प्रश्न: तुमची ओळख करून द्या.
मी लिहिलं, अंकुश भिलारे, वय त्रेचाळीस,
मापाडी, दाणा बाजार, तुर्भे.
खाली चौकट मैदानासारखी मोकळी राहिली.
तीनशे शब्द चालतील, असं तिच्या कोपऱ्यात लिहिलेलं.

विद्यापीठ जुलैत.
त्याआधी हा तयारीचा अभ्यास, फुकट,
सहा आठवडे, आठवड्याला चार तास.
कुणाचे चार तास, ते कुठं लिहिलेलं नाही.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, पोटमाळा.
बसलं की डोकं छताला लागतं,
म्हणून मी कुशीवर आडवा होऊन शिकतो,
मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून.
मंगल म्हणाली, या वयात आता—
नाही, असं काही म्हणाली नाही ती.
डबा तेवढा वीतभर पुढं सरकवला.

खाली तेजल. तिचंही विद्यापीठ जुलैतच,
तिचाही कसला तरी ओळखवर्ग चालू आहे.
दीड जीबी दोघांत.
बाबा, तुम्ही क्वालिटी कमी ठेवा, म्हणाली,
तेव्हापासून आमच्या बाईंचा चेहरा
फरशीसारखा चौकडीचौकडीचा झालाय.
आवाज मात्र स्वच्छ.
तेजल तिच्या सरांना दीडपट पळवते.
मी बाईंना पाऊणपट चालवतो.
जरा घेतल्यासारख्या बोलतात,
'सरासरी'तला स सुतळीगत लांबतो,
पण कळतं.

तिसऱ्या आठवड्यात 'नमुना' आला.
आम्ही हा शब्द माणसांना लावतो.
बाई म्हणाल्या, सगळं मोजणं होत नाही,
म्हणून थोडं मोजायचं
आणि सगळ्याबद्दल बोलायचं.
मी उठून बसलो. छत लागलं.

अहो बाई, वीस वर्षं बघतोय.
पोत्याच्या पोटात परखी खुपसायची, पिरगळायची,
तळहातावर मूठभर गहू,
एक दाणा दाताखाली.
तोंडाशी टपोरा, पोटात किडका,
हे मला कुणी व्हिडिओ काढून शिकवलेलं नाही.

चाचणी. दहातले सात बरोबर हवेत.
प्रश्न चौथा: नमुना कसा निवडावा?
पर्याय ब: अनुभवी माणसाच्या अंदाजाने.
मी डोळे मिटून बोट ठेवलं.
लाल फुली.
बरोबर उत्तर: यादृच्छिक.

हा शब्द तोंडात बसेपर्यंत तेजल वर आली.
म्हणजे बाबा, तुम्ही निवडायचंच नाही.
चिठ्ठी टाकायची. जे पोतं निघेल ते.
मग अनुभवाचं काय करायचं?
तिनं खांदे उडवले आणि चार्जर घेऊन गेली.

सकाळपर्यंत बाईंवर राग होता.

सकाळी पोपटशेठ थप्पीपाशी आले.
शंभर पोती, दहा थर.
परखी गेली चौथ्या थरात.
दुसऱ्या थप्पीला चौथ्या थरात.
तिसऱ्या थप्पीला पाचव्या,
तिथं जमीन जरा खोलगट होती.
मी काटा धरून नुसता बघत राहिलो.
शेठची कंबर दुखते. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची दुखायची.
वीस वर्षं आम्ही
कमरेच्या उंचीचा गहू तपासला.
खालच्या थरात काय होतं
ते कुठल्या तरी पिठाच्या डब्यात कळलं असेल कुणाला.

शेठ, खालचं एक बघा की.
भिलारे, तू काटा बघ.
मी काटा बघितला.

दुपारी सगळे पंख्याखाली लवंडले
तेव्हा गुडघ्यावर बसलो, चिठ्ठी नव्हती,
डोळे मिटून हात लागला त्या पोत्याच्या शिवणीतून
बोटानं थोडे दाणे ओढले. शर्टाच्या खिशात टाकले.

रात्री पुन्हा चाचणी. सहा.
चौथा बरोबर आला, नववा गेला.
ओळखीची चौकट पुन्हा उघडून पाहिली,
ती बदलता येते म्हणे,
पण सुचलं काहीच नाही.

दाणे डब्याच्या झाकणावर मांडले. नऊ.
त्यात तीन किडके.
एवढ्यावरून पोत्याबद्दल बोलू नये,
असं बाई बहुतेक चौथ्या आठवड्यात सांगतील.
खालून दीडपट वेगाचे सर ऐकू येत होते.
मी झाकण वाकडं होऊ न देता
दिवा घालवला.