उंबराचं खोड

सकाळी सव्वासहा. बोरिवली.
रिक्षाच्या टपावर पिवळी कयाक बांधताना
सुतळी कमी पडली, मग ऑस्टिनने कमरेचा पट्टा काढून दिला.
रिक्षावाला म्हणाला, बाथटब आहे का?
म्हटलं, हो. तसंच काहीतरी.

परवानगीचा कागद पाच महिने
टेबलावरून टेबलावर फिरला होता.
शेवटी एकाने सही केली
आणि विचारलं, पण का?

दहिसर नदी.
आमच्या घरात तिला नाला म्हणत,
भरतीच्या दिवशी आई खिडकी लावून घ्यायची.
इथे वर, तुळशीच्या खाली,
ती अजून कुणाला तसं म्हणू देत नाही.
रात्रभर कोसळलेला श्रावण,
पाणी भिजवलेल्या काताच्या रंगाचं.
ऑस्टिन कातळाला कान लावून म्हणाला,
दळतंय.

पहिली उडी पुरुषभर.
वल्ह्याचा शेवटचा फटका अगदी ओठावर मारायचा,
नाक वर,
आणि मग हातात काही उरत नाही.

दुसरी दोन पुरुष, तिरकी. तिथे मी उलटले.
पाण्याखाली आवाज विझतो म्हणतात.
विझत नाही. आत येतो,
दाढांमध्ये बसतो.
हेल्मेट कशावर तरी आपटलं.
कोलाडला निखळलेला उजवा खांदा म्हणाला, आता नको.
मी म्हटलं, आता नाही तर कधी रे,
कंबरेला झटका दिला
आणि आभाळ परत जागेवर आलं.
तोंडात शेवाळ, आणि जरासं लोखंड.

तिसरीच्या अलीकडे उतरून
पोटावर पडून खाली पाहिलं.
तीस फूट, मी म्हटलं. बत्तीस, ऑस्टिन म्हणाला.
तो गवंड्याच्या घरातला, त्याचा अंदाज चुकत नाही.
वाट स्वच्छ दिसत होती:
डाव्या जांभळीपासून सरळ, मग थोडं आत.
मनात चार वेळा उडी मारली.
चारही वेळा जमली.

तठं नको उतरू, बाय.

मागे एक बाई. ओटीत करटुली, हातात कोयता.
खाली कपार हाय. जातं ते येत नाय.
काय गेलं?
उंबराचं खोड. बैलाएवढं. गेल्या साली.
आठ दिवस वाट बघितली आम्ही,
सरपण झालं असतं.

ऑस्टिन दोरीची पिशवी
उगाच उघडत होता, बंद करत होता.
मी पाण्याकडे पाहिलं.
ते कडेपाशी इतकं गुळगुळीत होतं,
इस्त्री केल्यासारखं.

बुधी वरठाने (नाव चालता चालता कळलं)
कयाकचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.
कारवीतून, निसरड्या दगडांवरून
ती अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे घसरत.
येवढी हलकी, ती म्हणाली,
आन येवढा आव.
बोटीला म्हणाली की मला, विचारलं नाही.

पुढे नदी सपाट झाली,
मग भिंती आल्या, तबेले, शेण,
वल्ह्यात गुंडाळलेली अर्धी साडी,
फुटलेल्या गणपतीचा एक कान.
पुलावर कुणी मोबाईल काढला.
मी ओठ घट्ट मिटून घेतले.
ज्या तोंडाने वर नदी प्यायले होते
तेच तोंड.

घरी मोरीत बोट उलटी केली:
वाळू, एक खेकडा,
आणि पायांच्या खोबणीतून तीन करटुली.
केव्हा टाकली तिने?
आईने वास घेतला. कुठली गं?
नाल्यातली, म्हटलं.
तिने काही न बोलता चिरून मीठ लावलं.

खांदा ठणकतोय. झोप नाही.
ते खोड अजून आत असेल,
कपारीत, अंधारात,
हळूहळू फिरत,
एक वर्ष, बैलाएवढं,
आणि वरून मी पाहिलेली वाट
अजूनही तितकीच स्वच्छ दिसते आहे.