नमुना क्रमांक सतरा

रात्रीचे दोन चाळीस. राऊकडचे ट्रक
इथवर ऐकू येत नाहीत, पंपांची घरघर तेवढी.
पाटीदार म्हणतो, "बीम आ गया, मॅडम,"
आणि मी सतरा नंबरला उजेडासमोर सरकवते.

परवापर्यंत हा शिसपेन्सिलीचा सख्खा भाऊ होता.
सेलोटेप लावला, ओढला, पुन्हा लावला, ओढला.
एकमेकांवर नुसते टेकलेले थर,
फारसा हट्ट न करता सुटतात.
भिंगाखाली फिकट जांभळी कपची दिसली,
वहीत लिहिलं: दोन थर.

पद्धत साधी आहे.
प्रकाश मारून इलेक्ट्रॉनला घराबाहेर काढायचं,
कोण कुठल्या कोनात, किती घाईने निघालं ते मोजायचं,
आणि गेलेल्यांवरून घराचा नकाशा काढायचा.
(आमचा कुलवृत्तांत आत्याने असाच लिहिला.)

एकच थर असता तर दोन सरळ रेघा,
एका बिंदूत फुली.
तिथे इलेक्ट्रॉनला वजनच नसतं,
धावतो आणि धावतच राहतो.
दोन थरांत रेघा वाकतात:
एक वाटी सुलटी, एक पालथी,
बुडाला बूड टेकलेलं.
शेजार आला की वजन येतं.

मला वाटी हवी होती.
प्रबंधाचं चौथं प्रकरण वाटीवर उभं आहे.

पडद्यावर ठिपके साचत जातात.
तीन वाजून पाच. वाटी आली.
आणि वाटीच्या पोटात, हे काय,
फुली.

"मुड़ी भी है, सीधी भी है," पाटीदार चष्मा वर करतो.
"ऐसा होता है क्या?"

होतं. तीन थर असले
आणि तिसरा बाजूला न सरकता
बरोबर पहिल्याच्या डोक्यावर बसला, तर होतं.
मोजताना माझ्याकडून एक सुटला.

पुण्यात एकदा फोनवर म्हणाले, "मी येऊन राहिली आहे,"
तर खोलीतली नीलाक्षी हसत सुटली,
हे कुठलं गं मराठी?
राजेंद्रनगरचं.
खाली माळवी, मध्ये हिंदी, वर हे,
नुसतं टेकलेलं,
आणि वाक्याची कंबर वाकलेली.
पाढे मात्र अजून बे एके बे,
ओठांतल्या ओठांत,
सरळ.

साडेतीनला वीज लुकलुकली, बीम गेला.
पाटीदार डब्यातले शेंगदाणे पुढे करतो.
लेबलवरचा दोन मी खोडला आहे.
तीन अजून लिहिलेला नाही.