येते म्हणावं

येळ्ळूरच्या टाकीला त्रेपन्न लोखंडी पायऱ्या,
एकतिसावी हलते.
पाठीवर लॅपटॉप, कमरेला दोरी, दातांत टॉर्च,
आणि खाली शिडी धरून भुजंग कंग्राळकर
दर दहा पायऱ्यांनी विचारणार,
"पोचलीस काय गं?"

वर आपला डबा. ऊन खाऊन पिवळा पडलेला,
बिजागरीत मुंग्यांनी मांडलेला संसार,
झाकणावर माझ्याच अक्षरात माझं कॉलसाइन.
बॅटरी बारा पॉइंट एक. चालेल.

पडद्यावर तीन शेजारी.
राजहंसगडाचा पायथा. खानापूरच्या हायस्कुलाचं छप्पर.
तिसरे हिरेबागेवाडीचे ईरण्णा हुद्दार,
ज्यांना मी अजून पाहिलेलं नाही.
त्यांचं मराठी माझ्या कन्नडाएवढंच,
म्हणून पहिल्या दिवशी आम्ही हँडसेटवर आकडेच बोललो.
मी म्हटलं, उणे ब्याऐंशी.
त्यांनी तिकडे अँटेना बोटभर फिरवली. "ईग?"
उणे एकोणऐंशी.
"ईग?"
उणे चौऱ्याहत्तर.
"साकु?"
साकु, म्हटलं. पुरे.

शाळेत उणे म्हणजे उसनं घेतलेलं.
इथे शून्याकडे सरकणं म्हणजे जवळ येणं,
आणि शून्यापर्यंत कुणी पोचत नाही,
पोचू नयेच,
कान फुटेल डब्याचा.

आज चौथं कुणी आहे का बघायचंय.
गर्लगुंजीची तेजस्विनी हलगेकर, डिप्लोमाचं दुसरं वर्ष,
तिनं गोठ्यावर बांबू उभा केलाय. विचारत होती,
मी दिसते का तुम्हाला?

पण स्कॅनचं असं असतं :
नवं कोण आहे ते ऐकायला निघायचं
तर आहेत त्यांचा हात सोडावा लागतो.
एका वाहिनीवर बसलेला डबा उठतो,
प्रत्येक वाहिनीच्या दाराशी क्षणभर थांबतो, पुढे जातो.
तेवढा वेळ तिघांच्याही पडद्यावर मी नसते.
म्हणून बटण दाबण्याआधी लिहायचं, असं ठरलंय.
जाते म्हणू नये, आई रागावते. येते म्हणावं.
ईरण्णांकडेही तसंच निघालं :
होगि बर्तीनि. जाऊन येतो.
हे कुणी कुणाला शिकवलं, माहीत नाही.

येते, लिहिलं.
दाबलं.

डेअरीचा वायफाय, उणे साठ.
फुकट_मिळणार_नाही, उणे एकाहत्तर.
एकाच गल्लीतले दोन राउटर, नावात गाव घातलेले,
एकाच्या गावाला शेवटी आय आहे, दुसऱ्याच्या नाही.
जोर सारखाच. कुलूप दोघांनाही.
मग एक ओळ कोरी, नाव लपवलेलं,
नुसता आकडा : कुणीतरी आहे.
गर्लगुंजी नाही.

"काय दिसूलालंय काय?" खालून भुजंग.
थांब रे.

शेजारी एकेक करून परतले,
सगळ्यात शेवटी हायस्कूल, नेहमीसारखं.
ईरण्णा : बंद्रि?
आले.

फोन लावला. पट्टी किती रुंद ठेवलीस?
"वीस. आली तशीच ठेवलीय."
आम्ही दहावर आहोत, बाई.
शेजारी असून न दिसायला
एवढंसं कारण पुरतं.
दहा कर. कर आणि सांग.

बॅटरी अकरा पॉइंट आठ. गडाकडे कुठेतरी ट्रॅक्टर बंद पडतोय,
परत सुरू होतोय.
येते, लिहिलं दुसऱ्यांदा.
होगि बर्रि, ईरण्णांनी लिहिलं.

डेअरी. दोन्ही गावं. कोरी ओळ.
आणि सगळ्यात खाली, पुसट,
गर्लगुंजी_गोठा, उणे एक्क्याण्णव.

बांबू जरा टाकीकडे वळव, मी फोनवर सांगते,
अजून, बोटभरच,
आणि तोंडातून निघून जातं,
"ईग?"

पलीकडे क्षणभर नुसता गोठा ऐकू येतो, साखळी, शेपटी.
मग ती वाचते :
"उणे अठ्ठ्याऐंशी."