मुक्काम पौड

घर भाड्यानं घेतलं होतं, चाकांचं,
वाकडच्या एका माणसाकडून, तीन दिवसांसाठी.
त्यानं दाखवलं: हे टेबल असं खाली पाडलं की पलंग,
तो पलंग उचलला की खाली कपाट,
पाणी जपून, टाकी साठ लिटरची,
आणि पैसे परत मिळणार नाहीत, पाऊस असला तरी.
कुमुद म्हणाली, पाऊस आहे म्हणूनच तर निघालोय.

आम्ही दोघी बहिणी, बासष्ट आणि सत्तावन्न.
ती चालवणार, मी शेजारी बसून रस्ता सांगणार,
हे ठरलं होतं चैत्रात, गच्चीवर,
आंब्याची डाळ खाताना, कुणाचंच काही दुखत नसताना.

मुळशीच्या पाण्याकाठी, पहिल्याच रात्री
मला हुडहुडी भरली.
आधी आळ घेतला दुपारच्या कांदाभज्यांवर,
मग उघड्या राहिलेल्या खिडकीवर.
थर्मामीटर निघाला कुमुदच्या पर्समधून.
तिच्या पर्समधून काहीही निघतं,
एकदा पाना निघाला होता.
एकशे दोन पॉइंट चार.

बाहेर धरण दिसत नव्हतं, डोंगर दिसत नव्हता,
ज्याचे पैसे भरले होते त्यातलं काहीच दिसत नव्हतं.
डोक्यावर वीतभर अंतरावर पत्रा
आणि पत्र्यावर कुणीतरी रात्रभर तांदूळ पाखडत होतं,
पोत्यांमागून पोती, एकदाही दम न खाता.
मी म्हणाले, त्यांना सांग, पुरे आता, एवढी माणसं नाहीत जेवायला.
कुमुद म्हणाली, सांगते.

दोन फुटांवर ती. एका खोलीत आम्ही झोपलो नव्हतो
माझ्या लग्नापासून.
रुमाल पिळायचा, ठेवायचा, उलटा करायचा,
साठ लिटरमधलं एकेक भांडं.
पहाटे कधीतरी माझ्या तोंडून गेलं,
आईच्या वेळी तू नव्हतीस.
नऊ वर्षं दाताखाली धरलेलं.
ताप बोलला, मी नाही, असं म्हणता आलं असतं.
पिळता पिळता तिचा हात थांबला.
हो, नव्हते, ती म्हणाली.
आणि रुमाल ठेवला कपाळावर,
जरा जास्तच ओला.
पाणी कानात गेलं.

सकाळी चाकं चिखलात, निम्मी.
बबन वाळंज नावाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला,
डोक्यावर खताची पिशवी, साखळी लावता लावता म्हणाला,
घरात पेशंट हाय व्हय?
गाडीत नाही म्हणाला. घरात.
पैसे घेईना. आत डोकावून मात्र गेला,
चहाचा कप धुऊन ठेवून.

पौडला दवाखान्याच्या बोळात घर मावेना.
एसटी स्टँडसमोर लावलं. छत्र्या जमल्या.
एका आजोबांनी विचारलं, आत संडासबी हाय?
आहे, म्हटल्यावर ते बराच वेळ
त्या एका गोष्टीचा विचार करत उभे राहिले.
डॉक्टर कोवळा, नुकत्या आलेल्या मिशीचा.
रक्त घेतलं, सुई टोचली, म्हणाला,
फिरणं बंद. आता सरळ घरी जायचं, आज्जी.
कुमुद म्हणाली, घर बाहेरच उभं आहे.

म्हणून दुसरा मुक्काम पौडला,
दवाखान्याच्या मागच्या चिंचेखाली,
जिथं कुणी सहलीला जात नाही.
कंपाउंडरच्या बायकोनं मऊभात दिला, वर मेतकूट.
चिंचेवरून पाणी थेंबाथेंबानं, बेहिशेबी पडत होतं.
कुमुद बसल्या बसल्या घोरायला लागली.
रुमाल तिच्या मुठीत.
मला घाम सुटला, आणि मी तिला उठवलं नाही.

वाकडच्या माणसानं टॉर्च घेऊन गाडी तपासली.
चिखलाचे पाचशे कापले,
तुटलेल्या हुकाचे दोनशे,
जो आधीच तुटलेला होता.
मग आत जाऊन ओरडला,
पलंगाचं टेबल करायचं राहिलंय तुमचं, मॅडम.
कुमुद चपलेतला खडा काढत होती.
राहू दे, म्हणाली.