हातचा

मार्चपासून नेल्लोचा उजवा हात
त्याच्या मांडीवर पडून असतो,
शेजाऱ्यांचं पार्सल आपल्याकडे ठेवून घ्यावं तसा.

आठवड्यातून तीनदा व्होल्तेर्राच्या इस्पितळात
तो हात यंत्राला बांधतात.
मनगटाला पट्टा, कोपराखाली आधार,
आणि मोटारीची गुणगुण,
पलीकडच्या खोलीत कुणी शिवायला बसल्यासारखी.
पडद्यावर एक पेला. पडद्यावर एक फळी.
पेला फळीवर ठेवायचा.
ठेवला की टाळ्या वाजतात, त्याही यंत्राच्याच.

या माणसानं अलाबास्टरचे वाडगे घासलेत
इतके पातळ, की आत मेणबत्ती ठेवली
तर बाहेरून ज्योत हललेली दिसावी.
टाळ्या वाजतात तेव्हा तो माझ्याकडे बघत नाही.

लोरेदाना, फिजिओ मुलगी, समजावते:
हे जितकं करतील, तितकं यंत्र कमी करेल.
मग आकडा सांगते.
पेला पोचला, त्यातले एकोणीस टक्के यांचे.
म्हणजे बेरीज बरोबर,
पण हातचा यंत्राचा.

घरी मी त्याची गुंडी लावते आणि म्हणते,
बघ, तूच लावलीस.
यंत्राला असं खोटं बोलता येत नाही.
मला त्याचा राग येतो,
आणि मंगळवारची वाटही मीच बघते.
एकवीस. सव्वीस. पुन्हा बावीस
(आदल्या रात्री त्याच्या भावाचा फोन आला होता).

चाळीस वर्षं मी भांडले:
कारखान्यातून उठून सरळ टेबलाशी येऊ नकोस.
भुवयांवर पीठ, बाहीत पीठ,
पास्त्यात दगडाचं पीठ.
मार्चपासून माझं टेबल लख्ख आहे.

काल जेवताना तो हात निघाला.
कुणी बांधला नव्हता, कुणी मोजत नव्हतं.
पावाच्या टोपलीला वळसा घालून,
खांदा नको तितका उचलून
(लोरेदाना ओरडली असती)
मिठाच्या भांड्यापर्यंत गेला
आणि ते आडवं केलं.

आमच्याकडे मीठ सांडणं वाईट.
चिमूटभर उचलून डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं असतं.
मी उठलेही.
तर त्याची बोटं त्या पांढऱ्या ढिगात,
अर्धी मिटलेली,
अंगठ्याशी कण घोळवत होती.
भरड आहे, तो म्हणाला.

फडकं माझ्या हातात होतं.
ते मी खुर्चीच्या पाठीवर टाकलं
आणि पास्ता गार होऊ दिला.